तिसरा गठ्ठा

१

गुरुवारी सकाळी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून मी गठ्ठ्यांवरून हात फिरवला. कपाटात चार गठ्ठे असायला हवे होते. होते तीनच.

कुलूप शाबूत होतं. पहिला, दुसरा आणि चौथा गठ्ठा जागेवर होता. तिसऱ्याच्या जागी कुणीतरी परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्या दोरीने बांधून ठेवल्या होत्या, म्हणजे दारातून बघणाऱ्याला चारच दिसावेत. मी हात लावला नसता तर मलाही चारच दिसले असते.

मी अर्थशास्त्र विभागाचा ग्रंथपाल. चोवीस वर्षांत इथून बरंच काही गेलं. पुस्तकं गेली, तीन छत्र्या गेल्या, एक भिंतीवरचं घड्याळ गेलं. विद्वान माणसं वस्तू चोरत नाहीत, विसरून घेऊन जातात, असं मी स्वतःला समजावत आलो. पण कुलपातलं काही कधी गेलं नव्हतं. आणि गेलं ते नेमकं माझ्या भाचीचं गेलं.

माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. घरात सगळे तिला छोटी म्हणतात, वय एकतीस झालं तरी. चार वर्षं ती चार वस्त्यांमध्ये पायपीट करत होती. प्रत्येक वस्तीतली शंभर घरं, प्रत्येक घरातल्या बाईला मुख्य प्रश्न तेच: घरापासून कामाला जायला किती वेळ लागतो, आणि त्याहून लांबचं काम मिळालं तर घ्याल का? प्रत्येक घराचा एक फॉर्म, तिने स्वतःच्या हाताने भरलेला, आणि प्रत्येक वस्तीचा एक गठ्ठा. सोमवारी तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. परीक्षकांनी मागितला तर मूळ फॉर्म दाखवायचा, हा आमच्याकडचा नियम. फॉर्म नाही, तर त्या घरी गेलाच नाहीत. शंभर फॉर्म नाहीत, तर प्रबंध परत. एका कॉलेजात तिची नेमणूक झाली होती, पण महिनाअखेर पदवीचं पत्र दाखवलं तरच.

"मामा, आत आहेस का?" म्हणत ती आलीच. लपवायला वेळ मिळाला नाही. तिने कपाटाकडे पाहिलं, पुरवण्यांकडे पाहिलं आणि स्टुलावर बसली. रडली नाही. मला वाटतं, ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तिसराच कसा?" एवढंच ती म्हणाली.

सगळं उत्तर त्या प्रश्नात होतं. पण माझं डोकं तेव्हा जागेवर नव्हतं.

२

आमच्या वाचनकक्षात खिडकीजवळची खुर्ची सरासरीबाईंची. तीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पेपर वाचायला यायला लागल्या. हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि बाईंना ते माहीत आहे. "माझ्या वर्गात निम्मी मुलं सरासरीपेक्षा खाली असतात, त्याला मी काय करू," असं म्हणून त्या स्वतःच हसतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली.

"तुला घरून इथे यायला किती वेळ लागतो रे?"

"बाई, इथे माझं घर बुडायला आलंय आणि तुम्ही..."

"सांग तर."

"अर्धा तास."

"बरं," म्हणून त्या भाचीकडे वळल्या. "छोटी, आकडे कॉम्प्युटरवर आहेत ना?"

"आहेत, बाई. सगळे."

"मग चोराला आकडे नको होते. फॉर्मवर असं काय आहे, जे कॉम्प्युटरवर नाही?"

भाचीने विचार केला. "शेवटचा प्रश्न. याआधी अशी पाहणी करायला कुणी आलं होतं का? तो मी नुसता बोलणं संपवताना विचारायची. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका हसायच्या. म्हणायच्या, आला होता की एक पोरगा, पाणी पिऊन गेला. पण नदीपलीकडच्या वस्तीत, म्हणजे तिसऱ्या, कुणालाच आठवत नाही. एकीलाही नाही. मी परवा हे मोठ्या सरांना सांगितलं. ते पत्रांवर सह्या करत होते, ऑफिसातले दादा एकेक कागद पुढे करत होते. सर म्हणाले, वीस वर्षं झाली, विसरल्या असतील."

मोठे सर म्हणजे तिचे मार्गदर्शक आणि आमच्या विभागाचं नाव. वीस वर्षांपूर्वी त्यांनी याच चार वस्त्यांची पाहणी करून घेतली आणि पुस्तक लिहिलं. त्यातला पस्तीस मिनिटांचा नियम अजून वर्गात शिकवतात: काम पस्तीस मिनिटांच्या आत असेल तर बाई ते घेते, पलीकडे गेलं की बहुतेक सोडते. नगरपालिकेने त्या नियमावर कामाची केंद्रं कुठे काढायची ते ठरवलं. नदीपलीकडे काढलं नाही, कारण तिथल्या बायकांना पस्तीसेक मिनिटांत काम मिळतंच, असं पुस्तकात होतं.

"आणि तुझं काय आलं?" बाईंनी विचारलं.

"तीन वस्त्यांत साधारण सरांसारखंच. तिसरीत बायका सव्वा तास चालतात. आणि तरी काम घेतात."

बाई उठल्या. "किल्ल्या कुणाकडे होत्या?"

मी खिसा चाचपला. कारण एक किल्ली माझ्याकडे होती, आणि काल दुपारी ती तासभर मी दुसऱ्याच्या हातात दिली होती.

३

ज्यांच्या हातात दिली ते आमच्याच विभागातले वजाबाकी सर. उत्तरपत्रिकेत ते गुण देत नाहीत, शंभरातून काढत जातात, म्हणून हे नाव. मोठ्या सरांशी त्यांचं वीस वर्षांचं वाकडं. काल ते मागच्या खोलीतली जुनी नियतकालिकं बघायला आले होते. त्याआधी मंगळवारी त्यांनीच लेखी मागणी केली होती की सोमवारी तिसऱ्या वस्तीचे फॉर्म टेबलावर हवेत.

त्यांच्या खोलीत शिरताना मी मनात त्यांना दोषी ठरवून मोकळा झालो होतो.

"गठ्ठा नाहीसा झाला?" ते खुर्चीतून उठलेच. "अहो, असं कसं? मला तो बघायचाच होता!"

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"तीन वस्त्या पुस्तकाशी जुळतात, एक जुळत नाही. एक तर ही मुलगी चुकली, नाही तर पुस्तक चुकलं. आणि पुस्तक चुकलं असेल तर..." ते थांबले. पण चेहऱ्यावरचा आनंद काही त्यांना आवरला नाही.

"सर, तुम्हाला घरून इथे यायला किती वेळ लागतो?"

"मला? वीसेक मिनिटं. का?"

"सहज."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बघितलंत ना? मनातून उकळ्या फुटतायत त्यांना."

"फुटतायत, पण कशाच्या? त्यांना मोठ्या सरांची चूक हवीय. ती त्या गठ्ठ्यातूनच निघाली असती. चूक काढायला बसलेला माणूस कागद कशाला लपवेल? आज या विभागात सगळ्यात हळहळलेला माणूस तोच आहे."

मला ते पटलं, आणि पटल्याचं वाईटही वाटलं. वजाबाकी सर दोषी निघाले असते तर किती सोयीचं झालं असतं!

"मग दुसरी किल्ली," बाई म्हणाल्या.

दुसरी किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर असते. तिथल्या वहीत नोंद होती: मंगळवारी दुपारी किल्ली मोठ्या सरांनी नेली, संध्याकाळी परत केली.

४

मोठ्या सरांची खोली नेहमीसारखी शांत होती. टेबलावर त्यांचं पुस्तक होतं, स्वतःची प्रत, कडा मऊ झालेली.

"हो, मी किल्ली नेली होती," ते म्हणाले. "तिसऱ्या वस्तीचे फॉर्म बघितले. अक्षर बघितलं. घाईघाईत भरलेले वाटत नव्हते." मग ते भाचीला म्हणाले, "मी काल तुला सांगितलं तेच आजही सांगतो. तिसरी वस्ती प्रबंधातून काढून टाक. तीनशे घरं पुरेत. पदवी पदरात पडेल."

माझं डोकं भणभणलं. हिने मला हे सांगितलंच नव्हतं. वीस वर्षांचा नियम वाचवायला हा माणूस माझ्या भाचीच्या शंभर घरांवर पाणी सोडायला निघाला होता. मी काहीतरी तोडून बोलणार, तेवढ्यात बाईंनी माझा पाय दाबला. चांगलाच दाबला.

"सर, तेव्हाच्या पाहणीत तुम्ही स्वतः किती घरं तपासलीत?"

"शंभरात दहा. तशी पद्धतच आहे. चार मुलं नेमली होती, प्रत्येकाला एक वस्ती. त्यांनी भरलेल्या फॉर्मांतले दहा-दहा घेऊन मी स्वतः त्या घरी गेलो." त्यांनी पुस्तकावरून बोट फिरवलं. "तीन वस्त्यांत. नदीवरचा पूल तेव्हा दुरुस्तीला बंद होता. तिसरीत राहिलंच."

"मुलांना शिकवून पाठवलं असेल ना?"

"दोन दिवस शिकवलं. म्हणालो, मला नेमकं मिनिट हवं. फॉर्मावर नुसती शून्यं आणि पाच दिसले, तर समजेन की तुम्ही घरी बसून भरलंत." ते हसले. "पोरं घाबरली होती बिचारी."

"तुम्हाला घरून यायला किती वेळ लागतो?"

"पाऊण तास, बाई. आता गुडघे दुखतात."

कॉरिडॉरमध्ये मी फुटलो. "दुसरं कोण असणार? नियम त्यांचा, किल्ली त्यांच्याकडे, आणि वर वस्ती काढून टाक म्हणतात!"

"छोटी, तिसऱ्या वस्तीत जा असं तुला कुणी सांगितलं?"

"सरांनीच," भाची म्हणाली. "मी तीनच घेणार होते. ते म्हणाले, चारही घे, माझं काम कुणीतरी तपासायलाच हवं."

"झालं तर मग. खड्डा माहीत असता तर सरांनी हिला तिथे पाठवलं नसतं. आता ते घाबरलेत, पण हिच्यासाठी." बाईंनी चष्मा पुसला. "आपल्याला जुने फॉर्म बघायला हवेत. वीस वर्षांपूर्वीचे."

५

जुने कागद म्हणजे दादा. दादा आमचे हेडक्लार्क. पाहणीनंतर मोठ्या सरांनीच त्यांना ऑफिसात लावून घेतलं, असं म्हणतात. विभागातला प्रत्येक कागद त्यांच्या हातून जातो आणि एकही हरवत नाही. सरांवर त्यांची भक्ती अशी, की सरांना शिंक आली तर खिडकी हे लावणार.

दादांनी तासाभरात जुने गठ्ठे आणून दिले. लाल फडक्यात बांधलेले, वर चिठ्ठ्या. एक, दोन, चार.

"आणि तिसरा?" मी विचारलं.

"तो वाळवीने खाल्ला हो. मागेच." दादांनी कपाळाचा घाम पुसला. "टाकून द्यावा लागला."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "दादा, तुम्हाला घरून इथे यायला किती वेळ लागतो?"

"सदतीस मिनिटं."

"वा! नेमकं सांगितलंत."

दादा गेले. बाई लाल फडक्यांकडे बघत बसल्या. तिन्ही कोरी करकरीत होती, किड्याचं एक भोक नाही.

"एकाच फळीवरचे चार गठ्ठे," त्या म्हणाल्या. "वाळवीने पहिला सोडला, दुसरा सोडला, तिसरा खाल्ला, चौथा सोडला. आकडे येतात वाटतं तिला."

भाची एकदम उभी राहिली. "मामा, सरांच्या पुस्तकाची तक्त्यांची वही तुझ्याकडेच आहे ना? हाताने लिहिलेली?"

होती. फॉर्मांवरून आकडे उतरवून काढलेली ती वही वीस वर्षं माझ्याच कपाटात धूळ खात होती, आणि ती कुणाच्याच लक्षात नव्हती. दादांच्याही नाही.

६

वही आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर उघडली. प्रत्येक वस्तीची पाच पानं, प्रत्येक पानावर वीस घरं. एका बाजूला घर क्रमांक, दुसऱ्या बाजूला मिनिटं.

"वाच," बाई म्हणाल्या. "पहिली वस्ती."

मी वाचायला लागलो. "तीस. पंधरा. तीस. पंचेचाळीस. वीस. तीस. साठ. अठरा. तीस..."

"पुरे. आता तिसरी."

"सत्तावीस. तेहतीस. सदतीस. एकोणतीस. बत्तीस. अडतीस..." मी पान उलटलं. आणखी एक उलटलं. शंभर घरं, आणि कुठेही तीस नाही. पंधरा नाही, पंचेचाळीस नाही. शून्यावर किंवा पाचावर संपणारा एकही आकडा नाही.

"तू मला काय सांगितलंस? अर्धा तास," बाई म्हणाल्या. "वजाबाकी सर वीसेक मिनिटं म्हणाले, मोठे सर पाऊण तास. घड्याळ लावून कुणी चालत नाही. माणूस पाव तास, अर्धा तास, पाऊण तास असंच बोलतो. शंभर बायकांना विचारलं तर निम्म्या तरी तसंच सांगणार. या वस्तीत एकही बाई तसं बोललेली नाही, कारण इथे कुणी बाईशी बोललेलंच नाही. सरांनी शून्यांची धास्ती घातली होती ना? ज्याला खरोखर उत्तरं मिळाली त्याने बिनधास्त तीस लिहिलं. ज्याने घरी बसून भरलं, त्याने शून्यं टाळली."

"आणि सरांनी त्यावरूनच पस्तीस काढले," भाची हळूच म्हणाली. "बाकीच्या वस्त्यांतून नुसतं 'अर्धा तास, पाऊण तास' निघत होतं. नेमका आकडा इथून आला."

"चोराला फक्त तिसराच गठ्ठा हवा होता," बाई म्हणाल्या. " नवाही आणि जुनाही. म्हणजे त्याला सगळी पाहणी लपवायची नव्हती, फक्त स्वतःची वस्ती लपवायची होती. पानाच्या खाली बघ. भरणाऱ्याची सही असेल."

होती. सहीखाली ठसठशीत दोन टिंबं. ती सही मला अनोळखी असती तर किती बरं झालं असतं! माझ्या रजेच्या प्रत्येक अर्जावर, चोवीस वर्षांच्या माझ्या नोकरीतल्या जवळजवळ वीस वर्षं, हीच सही आणि हीच दोन टिंबं होती.

७

शुक्रवारी आम्ही तिघं दादांच्या ऑफिसात गेलो तेव्हा ते टपाल लावत होते. बाईंनी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

दादांनी पान पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून खालचा खण उघडला. दोन्ही गठ्ठे तिथे होते, जुना आणि नवा, एकाच दोरीत बांधलेले. वर चिठ्ठीही होती: 'नदीपलीकडील वस्ती, जुने व नवे'.

"फाडता आले नाहीत," ते म्हणाले. "कागद आहेत हो."

मी रात्रभर शिव्यांची जमवाजमव केली होती. त्यांच्याकडे बघून एकही आठवेना.

"आई दवाखान्यात होती," दादा सांगायला लागले. "पूल बंद. वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस. मी बावीस वर्षांचा होतो. दवाखान्याच्या बाकावर बसून भरले. वाटलं, शंभर फॉर्मांनी काय होतंय! मग पुस्तक आलं. सरांचं नाव झालं. दर वर्षी सांगीन म्हणायचो. मंगळवारी ही पोरगी म्हणाली, तिथे कुणालाच आठवत नाही, आणि संध्याकाळी सरांनी परत दिलेली किल्ली मी उचलली." त्यांनी गठ्ठा भाचीकडे सरकवला. "घे बाळ. कपाटात ठेव. काही झालंच नव्हतं. फक्त सरांना सांगू नका. या वयात त्यांना नको हे."

आणि खरं सांगतो, मला ते पटलं. गठ्ठा मिळाला, सोमवार निभावला, पदवी आली. मी हात पुढेही केला.

भाचीने केला नाही.

"दादा, पुस्तक आहे तसंच राहिलं तर सोमवारी सगळे म्हणणार, चुकली ती मीच. माझं सोडा. त्या शंभर जणींनी मला दारात बसवून सांगितलं, आम्ही सव्वा तास चालतो. मी त्यांना खोटं पाडू का?" तिने गठ्ठा परत त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही मला एकदा विचारायचं तरी होतंत. मी तुमच्याबरोबर आले असते सरांकडे."

दादांनी टेबलावरचं टपाल बाजूला केलं. मग त्यांनी चष्मा लावला, वही आणि दोन्ही गठ्ठे छातीशी धरले आणि कॉरिडॉरमधून मोठ्या सरांच्या खोलीकडे चालू लागले. भाची मागे निघाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दार बंद झालं.

आम्ही बाकावर बसून राहिलो.

"किती वेळ झाला रे?" शेवटी बाईंनी विचारलं.

"पाऊण तास," मी म्हणालो. घड्याळ मी पाहिलंच नव्हतं.

८

सोमवारी सभागृहात वजाबाकी सर पहिल्या रांगेत, पेन्सिलीला टोक करून. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मध्ये. चारही नवे गठ्ठे टेबलावर. परीक्षक बाई बोलायला लागणार, तेवढ्यात मोठे सर उठले.

"आधी मला एक सांगायचंय. या मुलीच्या कामात आणि माझ्या पुस्तकात जिथे फरक पडतो, तिथे चूक माझी आहे. तिसऱ्या वस्तीचे माझे फॉर्म खरे नव्हते. ते भरणाऱ्याने मला येऊन सांगितलं, आणि त्याला मी आता रागावू शकत नाही. शून्यांची भीती मीच घातली होती. दहा घरं तपासायला पूल ओलांडून जायचं होतं, तेही मी गेलो नाही. वीस वर्षांत पूल कितीतरी वेळा उघडा होता."

वजाबाकी सरांना हवं ते सगळं मिळालं होतं, पण ते पेन्सिल खाली ठेवून मान खाली घालून बसले. त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं, थोडंसं.

सरांनी स्वतःच्या पुस्तकाची मऊ झालेली प्रत उघडली. "पहिला प्रश्न मीच विचारतो. नदीपलीकडच्या बाईला कामाला जायला किती वेळ लागतो?"

"सव्वा तास, सर," भाची म्हणाली.

त्यांनी पस्तीसवर काट मारली आणि शेजारी सावकाश लिहिलं. पुढची परीक्षा दीड तास चालली. मला त्यातलं काही आठवत नाही, कारण मी नाक पुसत होतो. पदवी मिळाली. बहिणीला फोन करताना मला नीट बोलताही आलं नाही.

सर नगरपालिकेला पत्र लिहितायत, चौथा मसुदा चालू आहे. दादांनी राजीनामा दिला होता. सरांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, आधी राहिलेलं काम करा, मग बघू.

बुधवारी ऑफिसातून एक कागद माझ्याकडे नोंदीला आला, कारण दादांच्या जागेवर कुणी नव्हतं. रजेचा अर्ज होता. दादांनी नोकरीत घेतलेली ही पहिलीच रजा. मुदत पंधरा दिवस. कारण: 'नदीपलीकडील वस्तीतील शंभर घरे. जाणे राहिले होते.'

खाली तीच सही, तीच दोन टिंबं. मी तो मंजूर करण्यासाठी सरांकडे घेऊन गेलो. सरांची खोली बंद होती, आणि दारावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'दहा घरे तपासायला गेलो आहे.'